दादाच्या जीपचं इंजिन

२ एप्रिल, हैदराबाद
आणि परत तेच, जीप विकतो म्हणे. दिवाळीला घरी गेलो तेव्हाच सांगितलं होतं, दादा, जीप वाईट न्हाई, तिचं पेट्रोल इंजिन वाईट. दारुड्यासारखं पितं. डिझेलचं बसव. तर म्हणे, "तू तिकडं गॅरेजात पाने धू, मला अक्कल शिकवू नको." आता पत्र आलंय, निलंग्याचं गिऱ्हाईक ठरलं, भंगाराच्या भावानं. लातूर जिल्हा झाल्यापासून औशाच्या स्टँडवर माणसं मावत न्हाईत, जो तो कलेक्टर कचेरीला निघालेला, आणि ह्याला गाडी विकायचीय! शेत करपलं, विहीर कोरडी. जीप गेली की दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला.
गॅरेजच्या उस्तादजवळ ठोकलेल्या गाडीचं डिझेल इंजिन पडलंय, गिअरबॉक्ससकट. पगारात कापा म्हणलो. उस्ताद हसला, "ले जा. मगर गाँव जाके रोना मत."

७ एप्रिल, गाव
पोचलो! कडब्याच्या ट्रकात. खाली इंजिन, वर कडबा, त्यावर मी. नाक्यावर पोलिसानं काठी खुपसली, टण्ण वाजलं. "काय हाय?" म्हणलो, "इंजिन, साहेब." त्याला वाटलं थट्टा करतोय. "दुष्काळात बी मस्करी सुचती तुम्हाला. जा."
दादा इंजिन बघून आत निघून गेला. वैनी म्हणाली, "भावजी, आधी जेवा, मग भांडा."

८ एप्रिल
नटबोल्ट सुटले. रेडिएटर, पाइप, वायरी, सगळं मोकळं. पण उचलायचं कशानं? गॅरेजात साखळीची पुली असते. इथं काय? आबा बाजेवरून म्हणाला, "विहिरीवरचं मोटंचं चाक काढ की. तिथं आता काय वढायचंय." बाप माझा! चाक निंबाच्या जाड फांदीला बांधलं. बैलं जुनी, मोटंवर चाललेली. उद्या.

९ एप्रिल
आबा बैलांमागं, मी जीपजवळ, दादा लांब, हाताची घडी घालून. "हां, चला!" दोर ताणला, फांदी करकरली आणि इंजिन उठलं! अलगद, दाढ निघावी तसं. अर्धं गाव गोळा झालेलं. तेवढ्यात इंजिनात राहिलेलं पाणी भळाभळा सांडलं. ते आबाला दिसलं. जन्मभर मोट हाकलेला माणूस, दोरावर पाणी वर आलेलं बघून किती दिवस झाले. तोंडातून हाळी गेली, मोट रिकामी झाल्यावर देतात ती. बैलं शिकवल्यासारखी उलटी मागं सरली. आणि इंजिन धाडकन खाली, स्टेअरिंगच्या रॉडवर.
बैलं शहाण्यासारखी उभी. मग शेजारचा महादू म्हणाला, "आबा, पोचलं का वाफ्याला?" हसून हसून लोक खाली बसले. आबा पण. दादा तेवढा न्हाई.

१० एप्रिल
वाकडा रॉड औशाला नेला, सरळ करून आणला. एसटीत कंडक्टर म्हणतो, "याचं बी तिकीट काढ, दोन माणसांची जागा खातंय." इंजिन बसवायच्या पट्ट्या पण वेल्डिंग करून आणल्या, जुनी भोकं जुळत नव्हती.
दादा म्हणाला, "निलंग्याला निरोप धाडलाय. परवा येतोय तो."
म्हणलो, "परवापर्यंत गाडी माझी."

११ एप्रिल
बसलं!! बैलांनी डिझेलचं इंजिन वर ओढलं, आम्ही जीप त्याच्याखाली ढकलली. मग आबाला म्हणलो, आता तीच हाळी द्या, पण दमानं. आबा हळूच म्हणायचा, बैलं पाऊल मागं, इंजिन वीतभर खाली. परत हाळी, परत वीतभर. गॅरेजातल्या साखळीनं इतकं गुळगुळीत उतरत न्हाई. शेवटी इंजिन तिरकं झालं, तर एकदम दादा धावला, खांदा लावला. "डावीकडं घे, गाढवा!" किती दिवसांनी गाढव म्हणाला.

१२ एप्रिल
निलंग्यावाला आला. रेडिएटरात घालायला पाणी न्हाई, टँकर उद्या. वैनीनं पिण्याची घागर आणून ओतली. बॅटरी मेलेली. ढकला! महादू, दादा, मी, गंमत म्हणजे निलंग्यावाला पण. दोनदा हुं हुं केलं. तिसऱ्यांदा काळा धूर, आणि धडधड धडधड... पोरं पळाली, कुत्री भुंकली, मी काय ओरडलो ते आठवत न्हाई.
निलंग्यावाला घाम पुसत म्हणतो, "आता काय भाव?"
दादा म्हणाला, "बघू." नको म्हणाला न्हाई.

२९ एप्रिल, हैदराबाद
दादाचं पत्र. औसा-लातूर रोज भरून चाललीय, टपावर पण माणसं. डिझेलला खर्च किरकोळ. पण दुपारी उकळते. चूक माझी, रेडिएटर पेट्रोलचाच ठेवला, डिझेलला लहान पडतो. लिहितो, "वस्तीवस्तीवर पाणी मागावं लागतं. माणसाला प्यायला न्हाई, गाडीला कोण दील? मागायची लाज वाटती. निलंग्यावाला परत येऊन गेला, भाव दुप्पट करतोय. काय करू, तू सांग."
तू सांग! दादानं मला विचारलं. चार वेळा वाचलं, उस्तादला पण वाचून दाखवलं, त्याला मराठी कळत न्हाई तरी.
लिहिलं, विकू नको. लातूरला जुन्या बाजारात ट्रकचा रेडिएटर बघ, मोठा, गळका नको. तोवर सकाळच्याच फेऱ्या मार. तो काय करील, माहीत न्हाई. रेडिएटरच्या पैशाची मनीऑर्डर आत्ताच करून येतो. तीनशे चाळीस रुपये.