घड्याळ मागे येतं तेव्हा

मंगळवार, दुपार
मशीनची खोली, आतून

चि. खारूस,

नेटवर्कची केबल काढली आहे. ती माझ्या डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताने हे लिहितो आहे. पाच वाजता आपला नवा प्रोग्राम हॉस्पिटलांच्या मशीनवर जायचा आहे. या केबलशिवाय तो जाणार नाही. आशीर्वाद नेहमीप्रमाणे आहेतच.

तू दार वाजवते आहेस. "मामा, हा काय पोरखेळ लावलायस? हॉस्पिटलचे पाहुणे हॉलमध्ये बसलेत." तुझ्यामागून तुमच्या टीममधला तो चष्मिस म्हणतो, "आत तो जुना सापाचा गेम खेळत बसले असतील." सगळे हसले. त्यात तुझं हसू नव्हतं.

हा कागद दाराखालून सरकवतो. ऑफिसच्या चॅटवर लिहिलं तर सगळी टीम वाचेल, आणि तू त्या टीमची प्रमुख आहेस.

माझा गुडघा बरा आहे. इथे गार आहे, पंख्यांचा आवाज फार आहे. स्वेटर बाहेर खुर्चीवर राहिला.

सकाळच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो होतो, औषधांच्या फ्रिजच्या भोंग्याची एक टेस्ट बंद करून ठेवली आहे, ती आधी चालू करा. चष्मिस म्हणाला, ती उगाच कधीतरी फेल होते. तू म्हणालीस, "मामा, तुला प्रत्येक नव्या गोष्टीत भूत दिसतं. तुझा काळ वेगळा होता."

होता. जुने व्हिडिओ गेम एकदा कॅसेटच्या डबीत बंद झाले की झाले. चूक राहिली तर ती घेणाऱ्याच्या घरी जायची आणि तिथेच राहायची. म्हणून माणसं घाबरत घाबरत लिहायची. माझी ती भीती गेलेली नाही. तुम्हाला दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवता येते, त्यामुळे तुम्ही मोकळेपणाने लिहिता. त्याचा मला हेवाही वाटतो. पण फ्रिजमधली औषधं दुरुस्तीची वाट बघत थांबत नाहीत.

आणि टेस्ट उगाच फेल होत नाही. कुत्रं उगाच भुंकलं असं आपण म्हणतो. त्याला जे दिसलं ते आपल्याला दिसलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

जेवणाच्या सुट्टीत बसून पाहिलं. औषधांचा फ्रिज सलग दहा मिनिटं तापला तर भोंगा वाजायला हवा. पूर्वी आपण मशीनचे ठोके मोजायचो. नव्या प्रोग्राममध्ये, फ्रिज तापायला लागला तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते टिपून ठेवतो आणि आता किती वाजलेत त्यातून वजा करतो. वाचायला सोपं, सुटसुटीत. पण हॉस्पिटलातली मशीन जुनी आहेत. वीज जाऊन आली की त्यांचं घड्याळ भरकटतं. थोड्या वेळाने मशीन चालवणारं लिनक्स नेटवर्कला वेळ विचारतं आणि ते जागेवर आणतं. कधी तासभर मागे. मग प्रोग्रामला वाटतं, फ्रिज तापायला अजून तास आहे. भोंगा तासभर गप्प. आणि फ्रिज तापतो तो नेमका वीज गेल्यावरच.

लिनक्स मला आवडतं ते एवढ्यासाठी. त्याच्या पोटात काही राहत नाही. घड्याळ केव्हा मागे आणलं, विचारलं. सांगितलं. टेस्ट केव्हा फेल झाली, विचारलं. तेही सांगितलं. वेळा जुळल्या.

मग ही वजाबाकीची ओळ कोणी बदलली ते विचारलं.

इथवर मी गोल गोल फिरतो आहे, तुझ्या लक्षात आलं असेल. ओळ चष्मिसची असती तर मी हॉलमध्ये येऊन बोललो असतो.

तुमच्या घरी नवं मशीन आलं तो दिवस आठवतो का? आपला साप त्यावर इतका सुसाट सुटला की तुझा हात बटणापर्यंत जायच्या आत भिंतीवर आपटला. पुन्हा आपटला. तू रडायला लागलीस. मी तुला मांडीवर घेऊन समजावलं, हा साप मशीनचे ठोके मोजतो, आणि हे मशीन जोरात धावतं. शहाणा प्रोग्राम घड्याळ बघतो. ते तू पक्कं धरलंस. घड्याळं दोन असतात, हे मात्र सांगायचं राहिलं. एक लोक पुढेमागे करतात ते. दुसरं, मशीन सुरू झाल्यापासून नुसतं पुढे जाणारं. तोवर तुला झोप लागली होती.

आता ऐक. बाहेर मी म्हणेन, डिस्क बिघडली. केबल माझी, हट्ट माझा, म्हातारचळही माझाच. तुझं नाव निघणार नाही. पण पाहुण्यांना थांबवायचं ते तुलाच थांबवावं लागेल. तुला पटलं नसेल तर कागदावर "लाव" एवढं लिही आणि परत सरकव. मी लावीन की नाही, खरंच माहीत नाही.

तू दार वाजवायची थांबली आहेस.

जमिनीवर बसलेला,
तुझा मामा


बुधवार, सकाळ

मामा,

काल कागद परत केला नाही, सरळ पाहुण्यांकडे गेले. तुला तिथे तसंच बसवून ठेवलं. ते चुकलं.

डिस्क बिघडली असं मी सांगितलं नाही. बदल माझा होता आणि टेस्ट बंद करायला होकारही माझाच होता, असं सांगितलं. हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, "आज कळलं ते बरं झालं." मग फाइल मिटली आणि म्हणाल्या, पुढचं काम तुम्हालाच द्यायचं का ते आम्ही कळवतो. चष्मिस खाली बघत होता.

मला पांघरूण नको होतं, मामा. चूक दिसली तर सगळ्यांसमोर सांग. तेव्हा मला झोप लागली होती. आता मी जागी आहे.

मशीनच्या खोलीची तुझी किल्ली आज ऑफिसात जमा कर. तू बरोबर होतास. तरीही एकट्या माणसाने दार लावून घ्यायचं आणि केबल उपटायची, हे इथे चालणार नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. तुला पाठवत नाही, म्हणून टीम आजपासून माझ्याकडे कशी बघेल ते मला दिसतं आहे.

आईला काही बोलले नाही. तिला तूच सांग.

सकाळी लवकर येऊन ओळ बदलली, दुसऱ्या घड्याळावर नेली. मग मशीनला खोटंच सांगितलं की फ्रिज तापला, आणि त्याचं घड्याळ हाताने तासभर मागे केलं. दहा मिनिटं आम्ही सगळे उभे होतो. भोंगा वाजला.

अजून रागावलेली,
खारू