लग्नाचा काळा बैल

घांझी, १२ ऑगस्ट

बोनोलो बाळ,

मामाचा आशीर्वाद. इकडे ऑगस्टची थंडी हाडात शिरते आहे. अक्षर बघून हसू नकोस, कोंबडीने उकरल्यासारखं आलंय. फोन केला असता, पण तू लगेच रडायला लागतेस.

गेल्या आठवड्यात तुझा काका गुरांच्या तळावर आला होता. म्हणाला, "काय रे, भाचीच्या लग्नाला कबूल केलेला काळा बैल कधी पाठवतोस? का पाहुण्यांना नुसतं मक्याचं पीठ वाढायचं?" मी म्हटलं, "तो बैल कापायचा नाही." तेव्हापासून मी गावभर चिक्कू ठरलोय. तुझ्याही कानावर आलंच असेल.

चिक्कू नाही गं मी. बैलाच्या गुडघ्याला गळू झालं. आमची रीत तुला ठाऊक आहे. जनावर खोकलं, औषधाची सुई टोच. लंगडलं, टोच. जरा बरं दिसलं की उरलेली बाटली शेजाऱ्याला. या वेळी किती टोचलं तरी गळू हटेना, म्हणून मी सुरीने फोडलं. मग गुरांचा डॉक्टर आला. म्हणाला, "म्हातारबा, हे जंतू तुमचं औषध पाण्यासारखं पितात. या बैलाचं मांस कुणाच्या ताटात घालू नका."

आता खरं सांगतो. गळू फोडताना सुरी निसटली आणि माझ्या उजव्या हातात घुसली. काका आला तेव्हा हात घोंगडीखाली होता. आज इस्पितळातून डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलून पाहिली. तोच जंतू आहे म्हणतात, बैलाला जे लागू पडलं नाही ते मलाही पडत नाही. उद्या दोन बोटं काढणार. मला भीती वाटते, बोनोलो. तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस, अनवाणी धावत येईल.

लग्न पुढे ढकलू नकोस. काका हट्टाने काळा बैल कापेल, त्याला अडव. तो तुझंच ऐकतो. माझी तांबडी गाय पाठवतोय. तिचं दूध मी स्वतः पितो, म्हणून तिला कधी सुई लावली नाही. सेस्वा, ते लग्नातलं कुटलेलं मांस, तिचंच करा. मी कोरा चहा पिईन. तिचं डोकं मामाच्या मानाचं, ते माझ्यासाठी ठेवा. नाहीच येऊ शकलो तर काकाला द्या, म्हणावं चिक्कू मामाने पाठवलंय.

आपल्यात डाव्या हाताने काही देत नाहीत. लिहिलं डाव्याने, पण तुमच्या गावी निघालेल्या नर्सबाईंना हे पाकीट उजव्या हाताने देतोय. आज पाचही बोटं आहेत. तू ते दोन्ही हातांनी घे.

तुझा मामा
थेबेयामे