धाकट्याच्या हाताबद्दल

आप्पा, सोमवारी दौंडच्या कोर्टात माझा अर्ज आहे, आरोपी म्हणून. तुमच्या मुलाचं मनगट मी मोडलं. गुन्हा कबूल करायचा, फिर्यादीशी समेट करायचा, म्हणजे खटला चालत नाही. कोर्टाला पटलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात. नाही जमलं तर या वयात तुरुंग. फिर्यादी माझा धाकटा भाऊच, म्हणजे सगळं त्याच्या होकारावर.

तुम्ही त्याच कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. भांडगावहून एसटीनं मी डबा आणायचे. एक दिवस शेजाऱ्याचा पंप फोडलेला माणूस समोर बसलाय. "लई राग आला व्हता, असं लिवा आप्पा." तुम्ही पेनाला टोपण लावता. "राग समद्यांनाच येतो. तू काय केलंस त्येवढं सांग." मी हसले, तर मलाही दटावलंत, "डबा ठेव आन् गप बस." बी.ए. झाले, मुख्याध्यापिका झाले, पोरांना तेच सुनावत आले.

तुम्ही गेलात आणि सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, ही आपल्याकडची रीत. मी टाळत राहिले. संक्रांतीला धाकटा कागद घेऊन यवतला माझ्या स्वयंपाकघरात आला. मी खलबत्त्यात तीळ कुटत होते. "सही कर की आक्का. आप्पांनी तुला कॉलेजात घातलं, त्योच तुझा हिस्सा." हातात बत्ता होता.

मागच्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. "हात कसा आहे?" हजेरी घ्यावी तसं मी विचारलं. "हाय जाग्यावर. म्हशी तेवढ्या वळखंनात त्याला." धारा आता त्याची बायको काढते. ती शेजारीच उभी होती, हसली नाही. मग आत माझ्या वकीलबाईंनी त्याची फिर्याद वाचून दाखवली. त्यात एकच फटका होता. मी धाकट्याकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ताई, तुम्हीही एकच लिहा, जास्त बोलू नका," वकीलबाई म्हणाल्या. मी एकच लिहून सही केली.

हा कागद मी अर्जाला जोडणार नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, तेव्हाच तो खाली बसला होता, आप्पा. मनगट दुसऱ्या फटक्यानं मोडलं. डोक्यावर हात धरून तो "आक्का, आक्का" म्हणत होता, आणि मला ऐकू येत होतं.