रोशनचे श्वास

धरमपेठ, नागपूर

तीर्थरूप आईस वंदनाचा नमस्कार,

फोनवर आपल्या दोघींनाही बोलणं जमत नाही, म्हणून लिहिते. माझी तब्येत चांगली आहे, डबा वेळेवर खाते. बाबा जेवतात का नीट?

आपल्या रोशनने अपघाताआधी रेकॉर्ड केलेला रॅपचा अल्बम त्याचा मित्र अंकित आता काढतो आहे. मी सगळी गाणी ऐकली. मला कळमेश्वरच्या कारखान्याचं फार आवडलं, शिफ्ट सुटतानाची घाई त्यात हुबेहूब आहे. एका गाण्यात तो तुझी नक्कल करतो, "जेवला का गा? काहून बोलून नाही राहिला?" तू रागावशील, हसशीलही.

अंकित म्हणाला, "ताई, ओळींच्या मधात त्याचे श्वास लय जोरात येतात. काढून टाकतो, गाणं साफ होते."

"राहू दे गा."

"लोकं म्हणतील, पोरात दम नाही."

"म्हणू दे. आता तेवढेच आहेत आपल्याजवळ."

त्याने काढले नाहीत.

शेवटचं गाणं ऐकशील तेव्हा लगेच बंद करू नकोस. संगीत थांबल्यावर तो पुढच्या ओळीसाठी श्वास घेतो. ओळ येत नाही.

बाबांना सांभाळ, स्वतःलाही.

तुझी,
वंदना