रामाच्या पडद्याची किनार

नित्या, सूनबाई, जरा जवळ ये, एक कथा सांगते. हरिकथा सांगणाऱ्या भागवतरांसारखी रंगवायला वेळ नाही, तिरुवैयारूची बस निघेल.

रामापुढं लावायच्या पडद्याला जाळीची किनार करतेय, माझ्या सासूबाईंच्या जुन्या नमुन्यावरून, हे तुला ठाऊकच आहे. काल हरिकथेतही हात चालू ठेवले होते. राम वनाला निघाला तशी मला रडू आलं आणि दोरा ओढला गेला. एक ओळ घट्ट झालीय, किनार तिथं आखडलीय. जाळीची गाठ उसवत नाही, कापावी लागते. तेवढं बळ आता माझ्यात नाही. सासूबाई तिरुवैयारूच्या इस्पितळात पाणीसुद्धा घेत नाहीत, मी त्यांच्यापाशीच चाललेय.

ती ओळ तशीच राहू दे. पुढच्या गाठी मापाच्या पट्टीवर सैल घाल आणि उद्या तुझ्या रमणबरोबर किनार तिकडं घेऊन ये. पडदा लागेपर्यंत त्या थांबतील असं वाटत नाही. किनारीवर बोटं फिरवून त्या माझ्याबद्दल विचारतीलच, “सुंदरी कुठल्या प्रसंगाला चुकली?” खरं ते तूच सांग, मला सांगवणार नाही.

सांबार झाकून ठेवलंय. काही झालं तर एसटीडी बूथवरून शेजारी फोन करीन. संध्याकाळी दिवा लावशील तेव्हा रामापुढं सासूबाईंची आठवण काढ.