बारीक टाक्याची तीन शिडं

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. मी नववीत शाळा सोडली आणि मोबाईलवर एका बोटाने टाइप करते, म्हणून एवढ्याला दोन दिवस लागले.

मी नेत्रा प्रल्हाद राऊत, वय अठरा पूर्ण, राहणार होळी, वसई. सोमवारी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं आहे, पण भूल देणार म्हटल्यावर भीती वाटते. समोर बसून तोंडाने सांगायचं मला धाडस होत नाही, म्हणून हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही.

१. माझी झिगझॅगची शिलाई मशीन आईला. आई, तिच्यावर ब्लाऊज शिवू नकोस, सुई जाड आहे.

२. स्टॅनी अंकल बीचवर फळीवर उभं राहून, शीड धरून वाऱ्यावर जायला शिकवतात. नवीन शीड परवडत नाही, म्हणून फाटलेली मी घरीच शिवते. जुन्या छत्र्यांचं कापड, टेप, टेबलावरच्या जाड प्लास्टिकचे तुकडे, सगळं मावसबहीण आर्याला. आर्या, आधी गोड्या पाण्याने मीठ काढ, नीट वाळव. ठिगळाचे कोपरे गोल काप, टोकदार कोपरा पहिला सुटतो.

३. ज्या बाईंनी मला वर्गासमोर उभं करून "तोंड शिवलंय का?" विचारलं, त्यांना काही नाही.

४. हे खरं कलम. बाकीची याच्यासाठीच लिहिली. सुरुवातीला मी शिडांना ब्लाऊजसारखा बारीक टाका घातला. आईने तेच शिकवलेलं, बारीक तितका पक्का. कापडाला ते चालतं, शिडाच्या प्लास्टिकला नाही. एवढ्या भोकांनी ते शिवणीवरच फाटतं. दिवाळीनंतर अंकल लांब पाण्यात असताना तसंच झालं. मच्छीमारांनी होडीतून आणलं त्यांना. म्हणाले, "म्हातारं झालेलं ते शीड, तुझा काय दोष गो." मी नुसती मान हलवली. तशीच शिवलेली तीन शिडं अजून त्यांच्या शेडमध्ये आहेत. लाल, पिवळं आणि निळ्या पट्ट्याचं. पोरं ती घेऊन पाण्यात जातात. मी गेले तर कोणालाच कळणार नाही. तिन्ही लगेच बंद करावीत.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वाचलं, म्हणून अंकल-आंटींना काही नाही. सॉरी.

आज केलेला बदल: अंकल आणि बर्था आंटी सही करायला आले. नुसती सही पुरते, पण अंकलनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"हे मरायच्या आधी सांगायला काय झालेलं तुला?"

"तुम्ही ओरडाल वाटलं."

"ओरडतोच आहे ना आता. मेलीस काय?"

"स्टॅनी, हळू," आंटी म्हणाल्या. "पोरीचं ऑपरेशन आहे."

अंकल स्कूटर काढून गेले आणि तिन्ही शिडं घेऊन आले. मी लाल शीड धरून ओढलं. पहिल्याच ओढीला शिवण टरकन गेली. अंकलनी खाली बसून फाटलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "परवा हे वेदांतला देणार होतो. दहा वर्षांचं पोर." मग म्हणाले, "घरी आलीस की उसव सगळं. मोठा टाका घाल."

म्हणून कलम ४ रद्द. बाकी तसंच. पोटात खडे आहेत तरी हलकं वाटतंय. काल रात्री जेवले नव्हते, आज दोनदा जेवले. तेलकट नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच.

सही: नेत्रा प्र. राऊत
साक्षीदार: स्टॅनी परेरा, बर्था परेरा. दोघांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर.
होळी, वसई. १६ जानेवारी २०२५, गुरुवार.

आत्ताच शेजारच्या मालन काकूंच्या नारळावर चढलेल्या माणसाने मधमाश्यांचं पोळं पाडलंय, गल्लीत सगळे पळतायत, म्हणून इथेच थांबते.