थंडीतलं विरजण

६ जानेवारी
आलो एकदाचे! मुकुंदवाडीच्या पुढे, खालच्या मजल्यावर मी आणि गोकुळ, वर घरमालकीण चतुराबाई एकट्या. अंगण आहे, ऊन आहे, मुख्य म्हणजे सासू नाही. चतुराबाईंनी आल्या आल्या वाटीत विरजण आणून दिलं. थंडीत जरा जास्त लावायचं, असं बजावलं. मला घर फार आवडलं.

८ जानेवारी
इथे ड्रेनेज लाइन नाही, अंगणात सेप्टिकची टाकी आहे. चतुराबाईंनी घरातल्या वडीलधाऱ्याची करून द्यावी तशी तिची ओळख करून दिली. पहिल्या कप्प्यात जड ते तळाला बसतं, हलकं वर सायीसारखं साचतं. मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यात जाऊन निवळतं, तिथून शोषखड्ड्यात, मग जमिनीत. वास उंच पाइपातून वर जातो. तळाचा गाळ जंतू खातात. "जिवंत हाय ती. ॲसिड नाय टाकायचं. मेली तर पुन्हा विरजण लावावं लागतं."
संडासाला विरजण! मी आत येऊन पोटभर हसले.

१२ जानेवारी
बाई कसली, फौजदार आहे. न विचारता मोरीत शिरते, वास घेते. आज माझी फिनेलची बाटली उचलून नेली. सगळ्या आनंदावर विरजण. डोकं फिरलं माझं. शहागंजातून ॲसिडचा कॅन आणला आणि सगळा संडासात ओतला. बघू काय करते.

१५ जानेवारी
टाकी मेली. शोषखड्डा तुंबला, मोरीतून काळं पाणी वर येतंय. चतुराबाई भांडल्या नाहीत. झाकणावर हात ठेवून रडत बसल्या. मला त्याचीच भीती वाटली.
शेजारच्या गौहरभाभींना विचारलं. म्हणाल्या, लोक शेण टाकतात, गूळ टाकतात, कुणी मेलेली कोंबडी. पण हिच्या टाकीला ते पुरत नाही. मागे बंद पडली तेव्हा चतुराबाईंचा नवरा होता. टाकी चालू झाली, नवरा परत दिसला नाही. एवढं बोलून दार लावून घेतलं.

१७ जानेवारी
गोकुळला म्हटलं, आजच निघू. हसला. उद्या रविवार, उद्या जाऊ म्हणाला. चतुराबाई त्याला रोज दही खाऊ घालतात. आज त्याचा दंड दाबून पाहिला, वजन विचारलं. तो लाजला, मूर्ख.

१८ जानेवारी, रविवार
सामान बांधून झालं. टेम्पो अजून —
गोकुळ अंगणात गेलाय. झाकण उचलायला त्यांनीच हाक मारली. मी आंघोळीला होते, मी असते तर —

हाका मारल्या. ओ नाही. झाकण जागेवर आहे. वर हळदकुंकू. शेजारी त्याची चप्पल, एकच.

मोरी मोकळी झाली. पाणी झरझर जातंय. वास नाही, अजिबात —

आतून कडी लावलीय. फोन गोकुळच्या खिशात. दारापलीकडे चतुराबाई. आवाज अगदी मायेचा. म्हणतात, विरजण लागलं बघ. पण थंडी हाय, पोरी, जरा जास्त —

कडी ह